सामाईक धुराडं

जीवराम पाटलांचं, म्हणजे आबांचं, अर्धं घर परमुलखात होतं. सावद्याजवळच्या त्यांच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि खरं कुणालाच वाटत नव्हतं. घर हिमालयातल्या कुठल्याशा पहाडी संस्थानात आहे, इथपर्यंत लोक ऐकून घेत. पण तिथे वैशाखात संध्याकाळी घरात जाळ करून बसावं लागतं, असं आबा सांगू लागले की पारावरची माणसं एकमेकांकडे बघत. वैशाखात सावद्याला पत्र्यावर वाळत घातलेला पापड दुपारपर्यंत जवळजवळ भाजूनच निघतो. अशा मुलखात ऊब शोधणारा माणूस एक तर थापाड्या असायचा, नाहीतर तापानं फणफणलेला.

आबा थापाडे नव्हते. थाप मारायला जो उत्साह लागतो तो त्यांच्यात पहिल्यापासूनच कमी. केळीच्या बागा, कापसाचं रान आणि मोजकं बोलणं, एवढ्यावर त्यांचं चाललं होतं. घर घेतलं ते कुंदाबाईंसाठी.

कुंदाबाई त्यांच्या पत्नी. त्यांना दमा होता. दिवाळीनंतर कापूस घरात येऊ लागला की खोल्या आढ्यापर्यंत भरत आणि बाईंचा श्वास घशात अडकू लागे. कापूस विकला जाई तोवर फाल्गुनातली धूळ सुरू होई. वर्षातले कितीतरी महिने त्या उशांचा ढीग पाठीशी लावून बसल्या बसल्या झोपत. त्यांना आडवं झोपलेलं कधी पाहिलं, हे आबांना आठवून सांगावं लागे. जळगावच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "ह्यांना उन्हाळ्यात उंच, थंड हवेत ठेवा." आमच्या भागात उंच असं जे काही आहे ते म्हणजे कापसाच्या जिनिंग गिरणीचं धुराडं. डॉक्टरांना ते अभिप्रेत नसावं.

त्याच सुमारास, म्हणजे एकोणीसशे एकोणतीस साली, जळगावच्या एका जिनिंग गिरणीचा गोरा साहेब नोकरी संपवून कायमचा विलायतेला निघाला. त्यानं घोडा, बग्गी, टेबलं, बंदूक असं सगळं विकायला काढलं आणि शेवटी पहाडातला आपला उन्हाळ्याचा बंगलाही काढला. आबांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "तिथे दम लागतो का?" साहेब आपल्या मराठीत म्हणाला, "चढताना थोडा." आबांचं समाधान झालं आणि त्यांनी अर्धा बंगला घेतला.

उरलेला अर्धा हिस्सा धुळ्याच्या झुलालनानांनी घेतला. झुलालनाना कापसाचे आडते, आबांशी वर्षानुवर्षांचा व्यवहार. त्यांच्या घरी दमा कुणालाच नव्हता. पण ज्या घरात साहेब राहिला त्या घराचा अर्धा भाग आपला, एवढं वाक्य धुळ्यात उच्चारता आलं तरी त्यांना पुरेसं होतं. घर दोघांपैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं. साहेबानं एक फोटो दाखवला होता, त्यात घरापेक्षा कुत्रा मोठा आला होता.

पुढच्या वैशाखात दोन्ही कुटुंबं निघाली. आबा भुसावळहून, नाना चाळीसगावला गाडी बदलून. आगगाडीत दोन रात्री, मग लॉरी, मग बायकांना डोली आणि पुरुषांना स्वतःचे पाय. पोचल्यावर सगळ्यांनी आधी समोरच्या बर्फाला हात जोडले. मग सूर्य डोंगराआड गेला आणि जोडलेले हात काखेत गेले.

घराच्या मधोमध एक जाड दगडी भिंत होती. भिंतीच्या दोन्ही अंगांना, पाठीला पाठ लावून, दोन चुली कोरलेल्या. वर जाणारं धुराडं मात्र एकच. कुंदाबाईंनी आपल्या बाजूच्या चुलीला हळदकुंकू वाहिलं, आत डोकावलं आणि म्हणाल्या, "भितीत चूल! अन् हिच्यावर भाकर कशी टाकतीन?"

"टाकायची नही. शेकत बसायचं," आबा म्हणाले.

"नुसतं? रिकामं?"

घराची वाटणी सोपी होती. भिंतीच्या पूर्वेचं आबांचं, पश्चिमेचं नानांचं, व्हरांडा आणि स्वयंपाकघर निम्मं निम्मं. धुराडं सामाईक. आता सामाईक हा शब्द खानदेशात कानावर पडला की माणसाच्या डोळ्यांपुढे पाणी उभं राहतं. आबांची विहीर भाऊबंदांत सामाईक होती, मोट पाळीनं चाले. नानांची जमीन पांझरा नदीच्या पाटावर, तिथेही पाणी पाळीनंच सुटे. पाळी म्हणजे न्याय, हे दोघांच्या रक्तात मुरलेलं. तेव्हा फार चर्चा न होता ठरलं की चुलीही पाळीनं पेटवायच्या. आज आबांची, उद्या नानांची.

पाण्याला बांध घालता येतो, हा फरक त्या वेळी कुणाच्या ध्यानात आला नाही.

पहिल्या संध्याकाळी आबांनी चूल पेटवली. धूर धुराड्यात चढला, अर्ध्यात थबकला आणि पलीकडच्या थंड चुलीच्या तोंडून नानांच्या बैठकीत उतरला. नाना डोळे पुसत व्हरांड्यात आले.

"आबा, तुम्हना धूर मन्हा घरमा उना."

"म्या नही धाडला, नाना."

"धाडा नही, तरी बी उना. बठ्ठी पोरे खोकी राह्यनात."

दुसऱ्या दिवशी नानांची पाळी. त्या संध्याकाळी धूर आबांकडे आला आणि कुंदाबाईंना धाप लागली. त्यांना पाठीवर घोंगडी टाकून अंगणात बसवलं. उंच, थंड हवेत त्या सकाळपर्यंत बसल्या बसल्याच झोपल्या. आबांना वाटलं, नानांनी काल आलेला धूर आज परत केला. नानांना तिसऱ्या दिवशी तसंच वाटलं. घराच्या चौकीदाराला बोलावलं. तो खांदे उडवून म्हणाला, "साहब के ज़माने में धुआँ नहीं होता था."

"साहेबना धूर बी साहेबनामायक शिस्तमा चालत व्हई," नाना म्हणाले.

ओलं लाकूड, वाऱ्याची दिशा, वास्तुदोष, एकेक करून सगळ्यांची चौकशी झाली. एका वर्षी नानांनी आपल्या चुलीच्या तोंडाला पत्रा ठोकला. आबा म्हणाले, सामाईक वस्तूला पत्रा ठोकता येत नाही. आबांनी तो काढून टाकल्यावर नाना म्हणाले, सामाईक पत्रा काढता येत नाही. आबा जळगावच्या एका वकिलाकडे गेले. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत सांगितलं, "पाटील, कायद्याच्या दृष्टीनं तुमचं घर परदेशात आहे. आपल्या कोर्टाचा तिथे अंमल नाही. फिर्याद त्या संस्थानातच लावावी लागेल." आबांनी लावली. तिथले न्यायाधीश राजेसाहेबांचे मामा होते आणि राजेसाहेब शिकारीला नसतील तेव्हाच बसत. एकदा त्यांनी विचारलं, "धूर नेमका कुणाच्या मालकीचा?" त्यावर उत्तर आणायला पुढच्या उन्हाळ्याची तारीख पडली.

अशी बरीच वर्षं गेली. दर फाल्गुनात आबा म्हणत, यंदा नको. दर चैत्रात कुंदाबाईंची धाप बघत आणि ट्रंका बांधायला सांगत. दिवसा तिथली हवा त्यांना मानवत होती, यात शंका नव्हती. त्या चालत, बोलत, चक्क हसतही. दिवेलागणीला पाळी सुरू झाली की उशांचा ढीग लागे. आबा थकत चालले होते. भांडणानं माणूस तरतरीत होतो असं म्हणणाऱ्यानं सामाईक घर घेतलेलं नसतं.

मग एका उन्हाळ्यात गारा पडल्या. पाळी आबांची होती आणि त्यांची चूल पेटलेली होती. पलीकडे नानांची धाकटी नात काकडली. नानांच्या पत्नी तानुबाई नवऱ्याला म्हणाल्या, "पाळी बिळी चुलीमा घाला. पोर निळी पडनी." नानांनी पाळी मोडून जाळ केला. आबांना भिंतीपलीकडचा जाळाचा आवाज ऐकू आला. नियमानं त्यांनी उठून जाब विचारायला हवा होता. ते उठले नाहीत. फिर्यादीत एक कलम वाढेल, आणखी एक तारीख पडेल, एवढं सगळं त्यांना दिसलं आणि ते बसूनच राहिले.

थोड्या वेळानं त्यांनी नाक वर केलं. धूर नव्हता. दोन्ही चुली पेटलेल्या होत्या, दोन्हीकडून ऊन हवा वर खेचली जात होती, आणि खाली उतरायला धुराला थंड चूलच उरली नव्हती. इतक्या वर्षांत दोघांनी एका वेळी जाळ केलेला नव्हता. साहेब मात्र दोन्ही चुली पेटवत असणार. घर एकट्याचं असलं की माणसाला अशी उधळपट्टी सुचते.

कुंदाबाईंनी एक उशी बाजूला ठेवली. मग दुसरी. मग त्या आडव्या झाल्या आणि झोपल्या. आबा त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसले.

सकाळी त्यांनी जाऊन नानांना सगळं सांगून टाकलं. हे शहाणपणाचं नव्हतं. नाना व्यापारी होते. त्यांनी चहा संपवेपर्यंत हिशेब मांडला: आबांच्या बायकोची झोप आपल्या चुलीवर अवलंबून आहे.

पुढच्या चैत्रात आबा धुळ्याला गेले. नाना गादीवर लोडाला टेकून म्हणाले, "यंदा मन्हं येनं जमत नही, आबा."

"मंग किल्ली द्या. मी तुमच्याकडची चूल पेटवत जाईन."

"मन्हा हिस्सानी किल्ली? ती कशी दिवू?"

"काय केलं म्हणजे याल?"

नानांनी जरा विचार केल्यासारखं केलं. "तो व्हरांडा शे ना, बर्फकडला..."

आबांनी व्हरांड्याचा आपला निम्मा भाग सोडला. नाना आले, दोन्ही चुली पेटल्या, कुंदाबाई आडव्या झोपल्या. पुढल्या वर्षी फिर्याद काढून घेतली. त्याच्या पुढल्या वर्षी स्वयंपाकघर गेलं, मग बाहेरचा तबेला, मग पूर्वेच्या दोन खोल्या. वर्षातून एकदा आबा धुळ्याला जात आणि घर थोडं लहान करून परत येत. शेवटी त्यांच्याकडे चुलीची तेवढी खोली उरली. नाना त्या खोलीतून जाता येता अशा नजरेनं बघत, की जणू मध्येच कुणीतरी खाट टाकलेली आहे.

कुंदाबाईंना हे कळत होतं. त्या म्हणाल्या, "मले सावद्यालेच राहू द्या. बसून झोपाची सवय हाये मले."

"मले नही त्याची सवय झाली," आबा म्हणाले.

दुसऱ्या महायुद्धाचं शेवटचं वर्ष होतं. आगगाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि नाना यायचे का नाही, याचा निरोप चैत्र निम्मा झाला तरी नव्हता. आबा धुळ्याला गेले. नाना काही मागायच्या आधीच ते म्हणाले, "नाना, ती खोली बी घेऊन टाका. सगळं घर तुमचं. मी संस्थानात येऊन सही करतो."

नाना सरळ बसले. एवढ्या स्वस्तात पडलेला सौदा बघून आडत्याला आधी संशय येतो.

"अन् वहिनीन्हं कसं?"

"तिचं काय? बोलावलं तर येऊ. नही बोलावलं तर नही येऊ. आता आम्ही काही घराचे नही."

ह्यात डाव नव्हता. आबांना पुढे अनेकांनी खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी इतकंच सांगितलं की त्या दिवशी चाळीसगावच्या गाडीत उभं राहून पाय दुखत होते. पण आतल्या दारामागे तानुबाई उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या अंगावर धावल्या. "काय आइकी राह्यनात? बोलवा ना त्यासले! मन्हा घरना पाव्हना शेत ते आते. बिनबोलायेल कसा येतीन?"

नानांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते बघायला तिथे आबांशिवाय त्रयस्थ कुणी नव्हतं, आणि आबांचं लक्ष पायांकडे होतं. हिस्सेदाराला धूर सोसावा लागला तर तो वाद असतो, कोर्टात जातो, तारखा पडतात. पाहुण्याला धूर सोसावा लागला तर ती यजमानाची बेअब्रू असते, आणि तिचा निकाल बायको त्याच संध्याकाळी लावते. झुलालनाना आयुष्यभर माप कमी भरत आले, पण पाहुण्याच्या ताटात मांडा कमी पडला असं त्यांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं.

वैशाखात ते सगळे वर गेले. सहीशिक्का झाला. पूर्वेची ऊन येणारी खोली, आता नानांच्या मालकीची, पाहुण्यांना दिली गेली. तानुबाईंनी कुंदाबाईंना काडी मोडू दिली नाही. आबा सवयीनं लाकडं आणायला उठले, तर नानांनी त्यांच्या हातातली मोळी ओढून घेतली. "ठेवा ती! तुम्हना हातमा मोळी दिखनी, तं मन्ही घरवाली माले बोल लावी."

नाना तेव्हा साठीच्या पुढचे होते. पहाटे जाळ विझत आला की ते कानाला मफलर गुंडाळून आधी पाहुण्यांच्या चुलीत लाकूड घालत, मग वळसा घालून आपल्या चुलीत. फुंकर मारताना खोकत. आबा गोधडीत जागे असत. शेजारच्या खाटेवर कुंदाबाई कुशीवर झोपलेल्या, श्वास संथ चाललेला. इतक्या वर्षांत इथे आबांना करायला पहिल्यांदाच काही उरलेलं नव्हतं.

"पाव्हना," भिंतीपलीकडून नानांचा दबका आवाज येई, "तिकडे धूर येस का?"

धूर येत नसे. पण आबा लगेच उत्तर देत नसत. पलीकडे आणखी एक लाकूड चुलीत पडल्याचा आवाज येई, आणखी एकदा खोकला, आणि मग ते म्हणत, "नही. आता नही येत."