मोसंबीचा ताण आणि माझी चोरचोळी

माझ्या सासऱ्यांनी मला मोसंबीचं झाड समजून दोन-अडीच महिने उपाशी ठेवलं, आणि त्यात त्यांचा काडीचाही वाईट हेतू नव्हता.

हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला त्यांचा राग यायचा. आबा भले माणूस. सुनेवर माया करणारे. फक्त जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना मोसंबीसारखी दिसायची, त्याला त्यांचा इलाज नव्हता. पणदऱ्याच्या मळ्यात, कालव्याच्या पाण्यावर त्यांनी मोसंबीची बाग उभी केली होती आणि बहार धरण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. रीत अशी, की आधी झाडाचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून गळायला लागेपर्यंत तोडायचं. याला ताण देणं म्हणतात. झाड घाबरतं. मग एकदम खत आणि पाणी दिलं की जिवाच्या भीतीनं फुलांनी लगडतं. इंदापूरकडून लोक बैलगाडी जुंपून यायचे आणि विचारायचे, "आबा, ताण अजून किती द्यावा?" आबा एक पान चुरगाळून हुंगायचे आणि निकाल द्यायचे.

आता मी. माझं माहेर मोरगावचं, सगळी शेती कोरडवाहू, वडलांची मेंढरं. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती. गोष्ट सन पन्नासच्या पुढची आहे. त्या काळी मूल न होणं हा नवराबायकोचा प्रश्न नसायचा, तो सगळ्या गावाचा असायचा. आणि दोष कुणाचा, हे तर विचारायचीही गरज नव्हती. तो बायकोचा!

पहिला उपाय सासूबाईंनी काढला. उपास. सोमवार माझा, गुरुवार ह्यांचा, शनिवार दोघांचा, शिवाय एकादशी, संकष्टी आणि ज्या वारी सासूबाईंना रात्री स्वप्न पडेल तो वार. उपासाला सोवळं आलंच. म्हणजे त्या रात्री आमच्या मालकांचं अंथरूण मळ्यातल्या खोपीत. (हे व्रत मूल होण्यासाठी होतं, हे मी पुन्हा एकदा सांगून ठेवते.) एका मंगळवारी ह्यांनी धीर करून विचारलं,

"आये, आज तर कसलाच उपास न्हाय?"

"आज पाटाला पाणी हाय," सासूबाई म्हणाल्या. "जा, दारं धर." म्हणजे रात्रभर वावरात पाणी वळवत उभं राहायचं.

एकूण मूल होण्यासाठी घरात सगळं काही चाललं होतं. फक्त एक गोष्ट सोडून!

उपासांनी गुण येईना, तेव्हा दिवाळीला सासूबाईंची भाची आली. सखू, निरवांगीची. आत्याला मदत करायला म्हणून आली आणि दिवाळी सरली तरी जाईना. एके दिवशी तिनं आपला हंडा आणून आमच्या उतरंडीशेजारी ठेवला, तेव्हा मला सगळं समजलं. दुसरी बायको करायची नाही असा कायदा मुंबईत झाला होता म्हणे. निरवांगीला तो अजून पोचायचा होता. मी घाबरले. इथं थट्टा करत नाही, खरंच घाबरले. मोरगावला परत जाऊन बापाच्या मेंढरांमागं आयुष्य काढायचं, की याच घरात सखूची पोरं सांभाळायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

मला वाचवलं आबांनी.

"झाड उपटायच्या आदी ताण दिऊन बगायचा आसतो," ते सासूबाईंना म्हणाले. "ही कोरडवाहूतली. हितं आल्यापास्नं दूध, तूप, गूळ. नुसती पाल्याला लागलीया! फळ कुठनं यावं?"

"आन् माणसाला ताण कसा द्यायचा वो?"

"दूध तोड. तूप तोड. भाकर अर्दी कर. उपास हाईतच."

मी आनंदानं कबूल झाले! आबांच्या पायासुद्धा पडले. सवतीपुढं अर्धी भाकरी म्हणजे काय मोठं? एवढी अक्कल मला त्या वयात होती. (एवढीच होती.)

मग रोज सकाळी आबा अंगणात मला उजेडाला उभं करायचे आणि तोंड निरखायचे.

"आजून हिरवी हाय," म्हणून मान हलवायचे.

काही आठवड्यांनी एकदा खूश होऊन ओरडले, "पिवळी पडाय लागली! आता बगा!"

आणि खरोखर, कावळा शिवायचा थांबला. त्या काळी बाईला पाळी आली की कावळा शिवला म्हणत आणि तिला चार दिवस बाजूला बसवत, त्यामुळे कावळा आला तरी साऱ्या आळीला कळायचं आणि नाही आला तरी कळायचं. पहिला महिना सासूबाई नुसत्या दिवस मोजत राहिल्या. दुसऱ्या महिन्यात त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मला तर चक्करही यायची, मळमळायचंही. आता आणखी काय पुरावा हवा? डोहाळे तर असे कडक लागले, की विचारू नका. भाकरीचे लागले. पिठल्याचे लागले. वरणाचे, कालवणाचे, शेजारणीच्या घरातून ज्याचा म्हणून वास येईल त्याचे लागले.

"आता तरी हिला खायाला घाला की!" आमचे मालक म्हणाले.

"आरं, फूल धरायच्या आत पाणी सोडलं तर सगळा बहार गळंल!" आबा कडाडले. "थोडं थोडं. अर्द्याची पाऊण भाकर करा."

आता खरं सांगायचं, तर या दिवसांत मी फार माजले होते. ह्यांना आडावरून पाणी आणायला लावलं, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत. सखूकडून पाय चेपून घेतले. कुणी विचारलं तर पोटावर हात ठेवून डोळे मिटायची आणि म्हणायची, "हलतंय गं." शेजारची तानूबाई पाच लेकरांची आई, तिला मी बाळंतपणाच्या गोष्टी सांगायची! आणि हलत तर होतं. गुडगुड असा आवाजही यायचा. पोर बापावर जाणार, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

तिसऱ्या महिन्यात चोरचोळी करतात. गुपचूप, घरातल्या घरात, गर्भारणीला हिरवी चोळी द्यायची आणि गोडधोड खाऊ घालायचं. दृष्ट लागू नये म्हणून चोरून. पण आबांना हे पटेना.

"चोरी कशापायी? माज्या बागंला बहार आला तर मी झाकून ठिवतो व्हय?"

त्यांनी हलगी आणि सनई बोलावली! झाडून सगळे बागायतदार बोलावले. इंदापूरकडची मंडळी गाड्या जुंपून आली, मला पाटावर बसवलेलं पाहून माना डोलवायला लागली. एकजण तर पुढं होऊन म्हणाला, "आबा, माजी सून काळ्या रानातली हाय. तिला ताण किती दिवस द्यावा?" आबांनी त्याला काळ्या रानात ओल जास्त दिवस टिकते, असं समजावून सांगितलं. त्या बिचाऱ्या सुनेचं पुढं काय झालं, मला माहीत नाही.

मग माझ्यापुढं ताट आलं. पुरणपोळी, वर तुपाची धार. अडीच महिन्यांनी तो वास नाकात गेला आणि मी धाडकन ताटावरच पालथी पडले. पोळी तोंडाला लागली, पण पोटात गेली नाही, याचं दुःख मला अजून आहे.

एकच गोंधळ उडाला. "बारामतीला न्या! लेडी डॉक्टर हाय तितं!" मला गाडीत घातलं. आबा, सासूबाई, हे, सखू, मागून बागायतदारांच्या गाड्या, आणि त्यांच्याही मागून हलगीवाले, कारण त्यांना कुणी थांबा म्हटलंच नव्हतं. बारामतीत ही वरात वाजतगाजत डॉक्टरीणबाईंच्या दारात थांबली.

डॉक्टरीणबाई चष्मा लावणाऱ्या, पुण्याकडच्या, बारीक अंगाच्या. त्यांनी मला आत नेऊन नीट तपासलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं,

"हिच्या पोटात मूल नाही."

हलगी बंद पडली.

"अन्नही नाही," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी आतल्या बाकावर भिंतीकडं तोंड करून रडले. मूल नव्हतं म्हणून रडले, सखूचा हंडा आठवून रडले, आणि तानूबाईला आता तोंड कसं दाखवायचं म्हणूनही रडले.

बाईंनी दार लावलं, माझ्यापुढं दूध ठेवलं आणि मला समजेल असं सांगितलं. डोक्यात मेंदूखाली एक लहानशी गाठ असते. ती रक्तातून निरोप धाडते, त्याला हार्मोन म्हणतात. तो निरोप पोचला की बाईच्या अंगात बीज तयार होतं. "पण शरीर उपाशी असलं की ती निरोपच धाडत नाही. आईलाच खायला नाही, तर पोराला कुठून घालणार? म्हणून तुझी पाळी थांबली. खायला लागलीस की येईल." मग म्हणाल्या, "बीज सुटतं ते एका पाळीच्या आणि पुढच्या पाळीच्या साधारण मधे. थोडाच वेळ टिकतं. त्या दिवसांत नवरा जवळ असतो ना?"

"त्या दिवसांत सोमवार येतो, बाई."

"मग?"

"मग ते खोपीत निजत्यात."

"आणि सोमवार नसेल तेव्हा?"

"गुरुवार आसतो. शनवार आसतो. न्हायतर पाटाला पाणी आसतं."

बाईंनी चष्मा काढला. "अगं, मग घरी कधी असतात?"

"सणावाराला येत्यात की."

"आणि सणाला उपास नसतो?"

"आसतो," मी म्हटलं.

बाई खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते, ते रडण्यानं नव्हे. मग वळून म्हणाल्या, "तुझ्यात दोष आहे की नाही ते आज सांगताच येणार नाही. तुम्ही अजून नीट प्रयत्नच केलेला नाही! आता वर्षभर पोटभर जेव आणि नवऱ्याजवळ राहा. नाहीच झालं, तर पुढं तपासण्या आहेत, औषधं आहेत, पुण्याला मोठे डॉक्टर आहेत. आणि तपासणी दोघांची करायची. दोष पुरुषातही असतो."

हे बाहेर दाराला कान लावून उभे होते. ते खवळून आत आले. "माजी तपासणी? मी येकटा नांगर उचलतो!"

"मी नांगर तपासणार नाही," बाई म्हणाल्या.

माझ्या अंगात दूध गेलं होतं, त्याचा जोर असावा. मी म्हटलं, "आमच्या मोरगावला मेंढ्या गाभण न्हाय ऱ्हायल्या, तर आदी मेंढा बगत्यात."

हे त्या दिवशी गाडीत बसलेच नाहीत, पणदऱ्यापर्यंत मागून चालत आले.

पण निघण्याआधी आबा आत आले. पागोटं हातात, तोंड उतरलेलं. साऱ्या मुलखाला ताण किती द्यायचा ते सांगणारा माणूस त्या बाईंपुढं पोरासारखा उभा राहिला.

"बाई, ताण जास्त झाला का?"

"जास्त झाला, आबा."

"म्या झाड मारलं आसतं," ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला त्यांचा राग आला नव्हता, पण आला असता तरी तिथंच विरून गेला असता.

"मेलं नाही. आता पाणी सोडा," बाई म्हणाल्या. "आजपासून. आणि उपास सगळे बंद."

"आन् देवाला काय सांगू?" आबांमागून आत आलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"माझं नाव सांगा."

आबांनी मग मागं वळून पाहिलं नाही. घरात दूध, तूप, डिंकाचे लाडू. सखूचा हंडा त्यांनी स्वतः गाडीत ठेवला आणि तिला निरवांगीला पोचवून आले. पाळी परत आली. आणि मग ते मधले दिवस आले नि त्याच दिवसांत पाटाला पाणी सुटलं! हे फावडं घेऊन निघाले, तोच आबांनी ते हिसकावून घेतलं. "तू घरी ऱ्हा. दारं मी धरतो."

इथवर सगळं छान होतं. पण पाटावरचे लोक विचारणारच, की या वयात आबा का आले? आणि आबांना खोटं बोलता येत नसे. शिवाय त्यांना ऐकू कमी येत असल्यानं ते बोलत ते ओरडूनच.

"पोराला आज घरीच ठिवलाय!" कालव्यावरून आरोळी आली. "डाक्टरीण म्हनली, ह्ये मदलं दीस हाईत!"

"कसलं दीस?" पलीकडच्या वावरातून कुणीतरी विचारलं.

आबांनी सविस्तर सांगितलं. पार शेवटच्या वावरापर्यंत पोचेल, असं सांगितलं! सकाळी मी आडावर गेले, तर बायका बाजूला होऊन मला आधी पाणी भरू देऊ लागल्या. त्यानंतर दर महिन्याला आबा फावडं खांद्यावर टाकून निघाले, की साऱ्या गावाला माझ्या अंगातलं पंचांग कळायचं. लाजेनं मेले असते, पण पोटभर जेवत होते म्हणून जगले.

पुढच्या वर्षी मला खरोखरच दिवस गेले. आणि इथं माझी अक्कल पुन्हा दिसली. एकदा तोंड पोळल्यामुळं मी काही कबूलच होईना. कावळा शिवला नाही? लाडू जास्त झाले. उलट्या? तूप बाधलं. पोट पुढं आलं? आता खाते आहे, तर येणारच! शेवटी पाचव्या महिन्यात सासूबाईंनी मला दंडाला धरून बारामतीला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

मुलगी झाली. आबांनी मरेपर्यंत ती ताणाचीच मोसंबी म्हणून सांगितली, आणि लोकांनी ऐकून घेतली.

आता त्या मुलीलाही सुना आल्या. त्या मला विचारतात, "आजी, पोटात बाळ आहे हे आईला आतून कळतं म्हणतात, खरं का?" मी काय सांगणार? नव्हतं तेव्हा मला त्याच्या लाथा कळल्या आणि होतं तेव्हा लाडू बाधला. त्यामुळं एखादी पोटावर हात ठेवून म्हणाली, "आजी, काहीतरी हलतंय बघा," की मी आधी तिला भाकरी वाढते.