कुंड्यांतल्या बाभळी

राहीबाईचा धंदा लेंडीचा. आता नाक मुरडू नका! सांगलीत गच्चीवरचे गुलाब असे टरारून का आलेत, ते आधी विचारा आणि मग मुरडा. मेंढरांच्या मागं चालण्यात जिची निम्मी हयात गेली, त्या बाईला एक दिवस तिच्या कॉलेजातल्या पोरीनं, दीपमालानं, फोनवर दाखवलं, "आये, हे बघ. लेंडीखत पिशवीत भरून विकत्यात." राहीबाई पोट धरधरून हसली. मग हसायची थांबली आणि तशीच पिशव्या आणायला गेली.

त्यांचं मूळ गाव जतकडचं, कोरड्या रानातलं. दसरा झाला की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि मेंढरं घेऊन कृष्णाकाठ गाठायचा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, रानाला खत मिळायचं, बदल्यात धान्य मिळायचं. दोन वर्षांपूर्वी कुंडलच्या लालासाहेबांनी आपल्या शेताच्या कडेला पत्र्याची खोली आणि मेंढरांना वाडगं, म्हणजे काट्यांचं कुंपण, घालायला जागा दिली, तेव्हा कुठं राहीबाईच्या डोक्यावर बारमाही छप्पर आलं. काय सांगावं त्या बाईचं सुख! तिनं खोलीला लगेच दोन खिडक्या पाडून घेतल्या.

पण नवरा बिराप्पा. त्याला एका जागी करमेना. "पायाला मुंग्या येत्यात," म्हणायचा. शेवटी नवरा-बायकोत ठरलं की यंदाच्या दसऱ्यापर्यंत पिशव्यांवर घर चाललं तर राहायचं, नाहीतर घोडं लादायचं.

आणि चाललं की! सांगलीच्या विश्रामबागेतल्या राजेश्वरीबाई, रिटायर झालेल्या मास्तरीण, त्यांनी पहिली पिशवी नेली. त्यांचा गच्चीवर बाग करणाऱ्या चाळीस बायकांचा ग्रुप होता. महिन्याभरात चाळीसही घरांत राहीबाईची लेंडी पोचली.

आषाढात राजेश्वरीबाईंचा फोटो आला. गुलाबाच्या कुंडीत गुलाब कमी आणि भलतीच हिरवी पिल्लं जास्त. खाली लिहिलेलं, "हे काय उगवलंय?" पाठोपाठ दुसरीचा फोटो, तिसरीचा. मोगऱ्यात तेच, कढीपत्त्यात तेच. एकीनं तर लिहिलं होतं की ही बाई फसवी आहे, कुणी काही घेऊ नका.

राहीबाईनं फोन डोळ्यांजवळ नेला आणि कपाळावर हात मारला. "अगं बया! बाभळी हैत ह्या!"

झालं होतं ते असं. मेंढरं बाभळीच्या शेंगा आवडीनं खातात. शेंग पचते, बी पचत नाही, ते लेंडीतून जसंच्या तसं बाहेर पडतं. रानात कुणाला फिकीर? नांगर फिरला की संपलं. पण कुंडीत कुठला नांगर? मेंढपाळाच्या सात पिढ्यांना हा प्रश्न पडला नव्हता, म्हणून राहीबाईलाही पडला नाही.

बिराप्पा म्हणाला, "फोन बंद ठिव. चार दिस गेलं की इसरत्यात."

"इसरत न्हाईत बायका," राहीबाई कडाडली. "तुमी तुमच्या भणीला इचारा, माझ्या लग्नातली आमटी अजून काढती का न्हाई!"

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं ती सांगलीला गेली, पिशवीत फक्त खुरपं. राजेश्वरीबाईंनी दार उघडलं ते कपाळाला आठ्या घालूनच.

"बाई, चूक माजी हाय," राहीबाई उंबऱ्यातच म्हणाली. "समद्या कुंड्या साफ करून देती. तुमची आन् बाकीच्यांची बी."

"चाळीस घरं आहेत, राहीबाई."

"मग चाळीस जिनं चढती."

खोटं कशाला सांगू? जिना चढताना तिला रडू आलं. पण तिनं पदर खोचला आणि एकेक बाभळ मुळासकट उपटायला बसली. चार दिवस हेच चाललं. शिव्या तयार ठेवलेल्या बायका तिला गच्चीवर मांडी घालून बसलेली बघून चहा टाकायला लागल्या. फसवी म्हणणारीनं तर पोहे केले, वर लिंबूही पिळलं.

आणि खरी गंमत इथंच झाली. ज्यांना खत विकत होती, त्यांची घरं राहीबाईनं तोवर बघितलीच नव्हती! एक म्हणाली, पिशवी जड होते हो, तीन मजले कशी चढवू? दुसरी म्हणाली, वास येतो, सासूबाई बोलतात. तिसरीला बारीक चाळलेलं हवं होतं. राहीबाई ऐकत गेली. हल्ली धंदा सुरू करणाऱ्या पोरी तिला विचारायला येतात, तेव्हा ती हेच सांगते, "तक्रार आली की फोन उचला, आन् जमलं तर सोता जावा. गोड बोलणारं गिऱ्हाईक काय बी शिकवत न्हाई, बायांनो."

घरी येऊन तिनं सगळ्यांना कळवलं की दोन महिने माल मिळणार नाही. बिराप्पा हबकला. दसऱ्याला जेमतेम तीन महिने उरलेले! पण तिनं लेंडीचे ढीग घातले, पाणी मारलं, ताडपत्री झाकली. आतून वाफ निघायला लागली. आठ दिवसाला ढीग वरखाली करायचा. बी ढिगातच उगवलं आणि ढिगातच कुजलं. मग कुटून, दोनदा चाळून घेतलं. तेवढ्यावरही तिचा जीव भरला नाही. एका कुंडीत ते खत भरून तिनं वीस दिवस रोज पाणी घातलं. पोरीनं विचारलं, "काय लावलंयस?" तर म्हणाली, "कायबी न्हाई. कायबी उगवू नये म्हणून पाणी घालतीया."

काही उगवलं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दीपमालानं त्या रिकाम्या कुंडीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, "माल तयार आहे. छोट्या पिशवीत, चाळलेला."

सकाळ गेली. दुपार गेली. दसराही गेला. एक अक्षर आलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बिराप्पानं घोडं आणलं. तो काही दुष्ट नव्हता, पण ठरलं ते ठरलं. भांडी चढली, वाकळा चढल्या. राहीबाईनं दोन्ही खिडक्या लावून घेतल्या.

तेवढ्यात वाडग्यासमोर टेम्पो थांबला. पुढून राजेश्वरीबाई उतरल्या, मागून पाच-सहा बायका, साड्या सावरत, लेंड्या चुकवत.

"दसऱ्याच्या गडबडीत फोन कोण बघतंय, राहीबाई!" त्या म्हणाल्या. "चाळीस घरांचं घ्यायला आलोय. आणि मिरजेच्या ग्रुपचंही. त्यांना म्हटलं, जी बाई चार दिवस आमच्या कुंड्या खुरपते, तिचं खत डोळे झाकून घ्या."

राहीबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडभर हसू, दोन्ही एकदमच.

बिराप्पानं टेम्पोकडं बघितलं, ढिगाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं.

"आवं, बगताय काय?" ती नाक पुसत म्हणाली. "घोडं सोडा, आन् पिशव्या धरा!"

बिराप्पा पुटपुटत वाकळा उतरवायला लागला.