वरच्या मजल्यावरचा बसलेला आवाज

आता ती कुठंही ऐकू येते. सुपरमार्केटात भेंडी शोधताना, दाताच्या डॉक्टरकडे तोंड वासून पडलेली असताना, आणि ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनपाशी तर रोजच. कुणीतरी उसासा सोडून म्हणतं, काय दर्द आहे हिच्या आवाजात. मी म्हणते, ही आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. मग लोक माझ्याकडे समजूतदारपणे बघतात आणि आपापला कप घेऊन निघून जातात. पूर्वी मला याचा राग यायचा. अजूनही येतो.

ती खरंच राहायची. अॅमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, तिची एक खोली तिसऱ्यावर. मी आणि नवरा, दोघंही पुण्याहून आलेले, दोघंही जवळच्याच एका बँकेत कॉम्प्युटरवर डोळे फोडणारे. ती इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावातली. वडील बसड्रायव्हर, आई चर्चमध्ये गाणारी. सोळाव्या वर्षी तिनं शाळेला रामराम ठोकला आणि विशीत एका ड्रमवाल्याच्या मागोमाग हॉलंडात आली. तो ड्रमवाला सहा महिन्यांत आर्नहेमच्या कुणा मुलीच्या मागोमाग निघून गेला. ड्रम तेवढे हिच्या खोलीत ठेवून गेला. ती पहाटे एका बेकरीत पाव भाजायची, संध्याकाळी कॅफेत गायची आणि शनिवारी लोकांच्या लग्नांत इतरांची गाजलेली गाणी म्हणायची.

रविवारी सकाळी दहाला तिचा रियाज असे, नेमका आमच्या बेडरूमच्या वर. इथल्या रीतीप्रमाणे शेजाऱ्याशी भांडण आधी चिठ्ठीनं सुरू करायचं असतं. मी डच क्लासच्या पुस्तकातून वाक्यं जुळवून एक कडक चिठ्ठी लिहिली आणि तिच्या पत्रपेटीत टाकली. तिला डच येत नव्हतं. ती चिठ्ठी घेऊन ती माझ्याच दारात उभी राहिली आणि म्हणाली, हे कुणीतरी टाकलंय, जरा वाचून सांगशील का? समोरासमोर माझा कडकपणा कुठं गेला कोण जाणे. मी सांगितलं, कुणीतरी लिहिलंय की तुझं गाणं फार आवडतं. आतून नवरा जोरात खोकला. पुढच्या रविवारपासून ती खिडक्या उघड्या ठेवून गायला लागली.

मला गाण्यातलं काही कळत नाही, हे इथंच सांगून टाकते. पण तिचा आवाज भिंतीतून यायचा तेव्हा हातातलं काम आपोआप थांबायचं. ते मला अजिबात आवडायचं नाही, कारण मला कामं असायची.

त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी आई साताऱ्याहून आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ती पहिल्यांदाच एकटी विमानात बसली होती. आईनं चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. एका वर्गात साठ पोरं. त्यामुळे तिला बोलायला माणसं लागतात आणि ती समोर शांत बसलेली लागतात. आमच्याकडे दोन्हींची बोंब. आम्ही आठला घर सोडायचो, सहाला परत, आणि परत आल्यावर पुन्हा मीटिंग. "अगं, एक सांगायचं होतं," असं म्हणत ती चहा घेऊन यायची आणि मी कानातले हेडफोन न काढता हातानं तिला थांब म्हणायचे. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला ते मोठं सभ्यपणाचं वाटायचं, कारण मी हसून थांब म्हणायचे.

मग आईनं आपली सोय आपण केली. खालच्या बाकावर उन्हाला बसलेल्या डच आजींशी ती मराठीत बोलू लागली. त्या डचमध्ये उत्तर द्यायच्या. दोन्ही बाजूंचं समाधान व्हायचं असं वाटत होतं, पण एका आजींनी मला जिन्यात गाठून विचारलं की तुमच्या आईंना घराचा रस्ता सापडत नाही का, रोज काहीतरी विचारत असतात.

जूनमधल्या एका सोमवारी वरची मुलगी जिन्यात भेटली. चेहरा पांढराफटक. मी काय झालं विचारलं तर तिनं फोनवर टाइप करून मला दाखवलं: आवाज गेला. खाली आणखी एक ओळ होती: शनिवारी कार्यक्रम आहे.

हा कार्यक्रम साधासुधा नव्हता. शहरातल्या मोठ्या सभागृहात एका नामवंत गायकाच्या आधी अर्धा तास गायची संधी तिला मिळाली होती, तीही स्वतःची गाणी. गायला उभं राहणारी दुसरी एक मुलगी आजारी पडली म्हणून हिचा नंबर लागला होता, आणि आता ही. तिनं पुढं टाइप केलं की हे हुकलं तर ती गावी परत जाणार, वडिलांना तसं कबूल केलंय.

मी तिला घेऊन आमच्या हाउसआर्त्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरांकडे गेले. हे गृहस्थ भले आहेत, पण पाय मोडला तरी आणि मन मोडलं तरी पॅरासिटामॉल सांगतात. त्यांनी घशात बॅटरी मारली, पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं, गरम चहा प्या म्हणाले आणि बरं वाटलं नाही तर दोन आठवड्यांनी यायला सांगितलं. तिनं फोन पुढं धरला: शनिवारी कार्यक्रम आहे. डॉक्टर म्हणाले, मग तोवर बोलू नका.

घरी आल्यावर हे मी आईला सांगितलं. आईनं शांतपणे चष्मा काढून पुसला.

"एवढं शिकून गोळी एकच?" ती म्हणाली. "ऐकावं जनाचं, करावं मनाचं. तिला उद्या सकाळी खाली बोलाव."

आईचा घशाचा अनुभव दांडगा. दर वर्षी शाळा सुरू झाली की साठ पोरांवर ओरडून पहिल्याच आठवड्यात तिचा आवाज बसायचा. तिच्या बॅगेत चार किलो मेतकूट-लोणच्यांखाली ज्येष्ठमधाची पुडी होतीच. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफारा, ज्येष्ठमधाची काडी चघळायची, आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. "कुजबुजलं की घसा जास्त ओरबाडला जातो," आई म्हणाली. "हे वर्गातल्या मागच्या बाकांना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

मंगळवारी सकाळी मी कामाला निघायच्या आतच मुलगी खाली आली. काडी बघून तिचे डोळे चमकले, कारण इथले लोक जी काळी गोळी दिवसभर चघळतात ती याच मुळीची असते. तिनं खिशातून एक काढून आईला दिली. आईनं तोंडात टाकली आणि तिचा चेहरा असा झाला की मी पाण्याचा ग्लास घेऊन धावले. ती खारट जातीची निघाली.

"एवढं चांगलं औषध," आई सावरल्यावर म्हणाली, "आणि मीठ घालून त्याचं वाटोळं केलं."

मुलगी हसायला लागली आणि हसण्यातून घोगरा आवाज निघाला. आईनं ताबडतोब आपले हात छातीशी बांधले आणि एक बोट ओठांवर ठेवलं. हाताची घडी, तोंडावर बोट. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत हे सांगावं लागत नाही, आणि त्या क्षणी इंग्लंडमधल्याही मुलीला सांगावं लागलं नाही. तिनं मुकाट्यानं हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.

आईचा तिच्यावर भरवसा मात्र नव्हता. वर एकटी सोडली तर ही फोनवर बोलणार, अंघोळीला गुणगुणणार. म्हणून बेकरीत आजारपण कळवायला लावून आईनं तिला दहा ते पाच आमच्या स्वयंपाकघरात डांबलं. आई ओट्यापाशी, ती समोर खुर्चीवर. आणि आई बोलायला लागली.

आईला जन्मात असा श्रोता मिळाला नव्हता. मराठीचा एक शब्द न कळणारा, मध्ये न बोलणारा, उठून न जाणारा, कानात काहीही न घातलेला. ती मुलगी तरी कुठं नुसती बसायची. मान हलवायची, भुवया उंचवायची, योग्य जागी गाल फुगवायची. संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा आईचा चेहरा असा तृप्त असायचा की नवरा मला म्हणाला, नक्की तिचा आवाज बसलाय की तुझ्या आईचा मोकळा झालाय?

गुरुवारी मी घरूनच काम करत होते. बेडरूममध्ये दार लावून, कानात हेडफोन घालून, सव्वीस जणांच्या मीटिंगमध्ये. पाणी प्यायला उठले तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराची फट दिसली. टेबलावर वर्तमानपत्रावर मेथीची जुडी पसरलेली, दोघी निवडत होत्या. आई काहीतरी सांगत होती. आधी ती खूप हसली, अगदी पदर तोंडाला लावून, आणि हसता हसता थांबली. मग ती बराच वेळ अगदी हळू बोलली. मुलीनं मेथी खाली ठेवली आणि आईचा हात हातात घेतला. दोघींचेही डोळे ओले होते. कांदा चिरला असेल असं मला वाटलं. कांदा कुठंच नव्हता. तेवढ्यात हेडफोनमधून कुणीतरी माझं मत विचारलं आणि मी पाणी न पिताच परत गेले. माझं मत काय होतं ते आता मला आठवत नाही. इतर पंचवीस जणांनाही आठवत नसणार.

शुक्रवारी संध्याकाळी कसोटी होती. मला धडकी भरली होती, कारण आवाज नाही फुटला तर डॉक्टरचं सोडून या बाईंचं ऐकलं म्हणून खापर आमच्याच डोक्यावर फुटणार होतं. आईनं मुलीला सरळ उभं केलं आणि म्हणाली, "म्हण, अ."

"अ," मुलगी म्हणाली. अगदी बारीक, पण स्वच्छ.

"आ."

"आ." हा भिंतीतून यायचा तोच आवाज होता. आईनं तिला थेट अः पर्यंत नेलं. शेवटच्या अः ला नवरा बाहेरच्या खोलीतून टाळ्या वाजवायला लागला आणि मुलगी माझ्या गळ्यात पडून रडली. मग लगेच आईनं बोट ओठांवर ठेवलं, उद्या संध्याकाळपर्यंत.

सभागृहात आई इरकल साडी, माझं फुगीर जॅकेट आणि स्पोर्ट्स शूज घालून आली. लोक आपापल्या बिअरच्या रांगेतून हळूहळू आत येत होते, पहिल्या गाण्याला कुणाचं लक्षही नव्हतं. दुसऱ्या गाण्याला गप्पा कमी झाल्या. तिसरं तिनं बरोबर वाद्य न घेता सुरू केलं, आणि दोन हजार माणसं गप्प बसली. मी कामाचा फोन बंद केला, तोही आपणहून. तिच्यानंतर तो नामवंत गायक आला तेव्हा लोक अजून तिच्याबद्दलच बोलत होते.

"कानामागून आली आणि तिखट झाली," आई खूश होऊन म्हणाली. "पॅन्ट मात्र गुडघ्यावर फाटलीय पोरीची. उद्या दे म्हणावं, शिवून देते."

कुणीतरी त्या तिसऱ्या गाण्याचा व्हिडिओ टाकला आणि तो जगभर फिरला. दोन महिन्यांत ती लंडनला गेली. मग पहिला अल्बम, मग बक्षिसं, मग मासिकांची मुखपृष्ठं, सगळीकडे गुडघ्यावर फाटलेल्या पॅन्टमध्ये. वडिलांनी बस चालवणं सोडलं नाही, असं मी वाचलं. ते स्वतः तिची गाणी बसमध्ये लावतात म्हणे आणि उतारूंना दुसरं काही लावू देत नाहीत. तिच्या खोलीत आता एक हिशेब तपासनीस राहतो. त्याचा काहीही आवाज येत नाही. रविवारी दहाला मला उगाचच जाग येते.

गेल्या वर्षी ती अॅमस्टरडॅमला आली, शहरातल्या सगळ्यात मोठ्या मैदानात गायला. तिनं मला माणूस पाठवून दुपारी आतल्या खोलीत बोलावून घेतलं. भोवती वीसेक लोक धावत होते आणि ती मधोमध शांत बसली होती. कार्यक्रमाच्या दिवशी ती अजूनही संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलत नाही. मला घट्ट मिठी मारून तिनं फोनवर टाइप केलं: आई कशी आहे? मी म्हणाले, मजेत आहे, गुडघे दुखतात.

मग तिनं बराच वेळ टाइप केलं. तिनं लिहिलं होतं: मला इतकी वर्षं एक विचारायचं होतं. त्या हिरव्या पाल्याच्या दिवशी आई मला काहीतरी सांगत होती. आधी हसली, मग रडली. मला एक शब्द कळला नाही, पण मी रोज गाण्याआधी त्या बाईचा तो आवाज आठवते. ती काय सांगत होती?

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तिनं टाइप केलं: तू तर पलीकडच्याच खोलीत होतीस.

मी म्हणाले, मी मीटिंगमध्ये होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी टाइप केलं, पुसलं आणि फोन उलटा ठेवला. मग तिनं माझा हात धरला. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला फोन लावला. सगळं सांगितलं. आईला फार आनंद झाला. "तिला अजून आठवतंय? पोर गुणाची आहे."

"आई, काय सांगितलं होतंस तिला?"

"कधी?"

"मेथी निवडताना."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"तुला काय करायचंय?" ती म्हणाली, रागानं नव्हे, सहज.

"मला ऐकायचंय. मी ऐकतेय, सांग."

"ते तिला सांगून झालं गं माझं," आई म्हणाली. "असं परत परत नाही सांगता येत." मग तिनं शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीची गोष्ट काढली. टाकी, प्लंबर, प्लंबरची मेहुणी, सगळं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. पाऊण तासानं तिची गोष्ट संपली. त्या दिवशी ती बाबांचंच काहीतरी सांगत असेल असं मला वाटत होतं, पण यात बाबा नव्हते, मेथीचा दिवस नव्हता, मला हवं होतं त्यातलं काहीच नव्हतं.