फुगलेलं दार आणि तेहतीस अनारसे

आमच्या घरामागे साडेअठरा फूट लांबीचा एक लाकडी पूल आहे आणि त्यावरून कोणी कुठेही जात नाही. तो तळ्याच्या मध्यावर जाऊन संपतो. (तळं हा माझा शब्द. आमची सौ. सुलभा त्याला डबकं म्हणते. पूर्वी इथे वीटभट्टी होती. तिच्यासाठी माती काढून जो खड्डा झाला, त्यात पाणी साठलं. देवासच्या या टोकाला एवढा मोठा प्लॉट आपल्यालाच का मिळाला, हे मला रजिस्ट्री झाल्यावर कळलं!)

पूल बांधला तो आप्पांसाठी. आप्पा म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या घरात, राहणार धार. त्यांचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते, पण आप्पांच्या तोंडून ऐकलं की ते दिवाण वाटतात. सासूबाई गेल्यापासून आप्पा धारला एकटेच होते आणि इकडे सुलभाचा जीव थाऱ्यावर नव्हता. "आप्पा, आमच्याकडे येऊन राहा ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"जावयाच्या घरी मुक्काम? आमच्यात ती रीत नाही."

आमच्या लग्नानंतरच्या एकतीस वर्षांत ते चाळीसेक वेळा आले असतील. दर वेळी जेवले आणि साडेचारच्या बसने परत गेले. एकदा इथे आल्यावर ताप भरला, तर तापासकट गेले!

मग एकदा ते सहज म्हणाले, "धारला निदान संध्याकाळी तलावाच्या काठी बसता येते. तुमच्याकडे काय, ट्रक पाहत बसू?" सुलभाने त्यांना बसमध्ये बसवलं. बस सुटताच म्हणाली, "आपल्याकडेही मागे तळं आहे की!" त्या दिवशी पहिल्यांदा तिने त्याला तळं म्हटलं. तिथेच ठरलं. पाण्यावर पूल, पुलाच्या टोकाला लाकडी मंडप, मंडपात एक बाक नि एक खाट. पाण्यात आहे म्हणजे ते जावयाचं घर नव्हे, असा तिचा मुद्दा होता. मला तो बिनतोड वाटला. (तिचे सगळेच मुद्दे मला बिनतोड वाटतात. तो आमच्या घरातला नियम आहे.)

आता माझ्याबद्दल. मी इथल्या एका कारखान्यात आयुष्यभर गिअर तपासले. केसाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक दिसला तरी माल परत! असला माणूस लाकूडकामावर देखरेख करायला उभा राहिला, तर काय होणार? लोहारदा गावचे सुतार बद्रीलाल मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले, "भिया, फट्टों के बीच में थोड़ी जगह छोड़ो. लकड़ी है, बरसात में फूलेगी." (भिया म्हणजे आमच्या माळव्यातला भैया.)

"बद्रीभाई, जगह छोड़ना मतलब ढीला काम. अपने को फिट चाहिए."

"दरवाजे में तो छोड़ो!"

"उसमें तो बिलकुल नहीं!"

मे महिना होता. लाकूड पापडासारखं वाळलेलं. मी प्रत्येक फळी दुसरीला अशी भिडवून घेतली की मधून पोस्टकार्ड जाऊ नये. माकडांचा त्रास म्हणून मंडपाला चहूबाजूंनी जाळी मारली आणि दार असं चोख बसवलं की लावताना हवेचा 'फुस्' आवाज यायचा. तो आवाज ऐकवायला मी अख्ख्या कॉलनीला बोलावलं होतं. बद्रीलाल दाराकडे पाहून गालातल्या गालात हसले. मला वाटलं, कौतुक आहे!

त्या वर्षी अधिक श्रावण आला. अधिक महिना म्हणजे आम्हा जावयांची चैन. लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत आप्पा कसे चुकवणार? शेजारणीच्या डोक्यावर बसून त्यांनी अनारसे तळून घेतले, तांब्याच्या ताटात रचले, ताट मांडीवर धरून बसने आले. तीन आठवडे पावसाची झड लागली होती. नेमकी त्या दिवशी उघडीप होती.

"वाण मंडपातच घेऊ," सुलभा मला हळूच म्हणाली. "त्यांना आवडलं तर राहतील. आज काही घोळ घालू नका हं!"

पुलावर पाऊल टाकलं तेव्हा फळ्या मधोमध जरा उचलल्यासारख्या वाटल्या. मी दुर्लक्ष केलं. आप्पा ताट घेऊन मंडपात शिरले, बाकावर बसले, पाण्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर नाराजी नव्हती. (आप्पांच्या बाबतीत ही पसंतीची वरची पायरी!) सुलभा निरांजन आणायला घरात गेली आणि मला दार दाखवायची उबळ आली.

"आप्पा, आता ऐका हं!"

दार जरा घट्ट लागत होतं. मी खांदा लावला. 'फुस्' आलं नाही. 'खर्रर्र धप्प' आलं. दार लागलं.

सुलभा निरांजन घेऊन आली. "दार उघडा."

"उघडत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तसं उघडतं. पण सध्या नाही."

ती बाहेरून ढकलू लागली, मी आतून ओढू लागलो. कडी माझ्या हातात आली. पुरती, स्क्रूंसकट! मी बद्रीलालना फोन लावला.

"भिया, लकड़ी फूल गई," ते शांतपणे म्हणाले. "धूप लगेगी तो अपने आप खुल जाएगी."

"धूप कब लगेगी?"

"अच्छी वाली? भादो के बाद."

आणि तो श्रावणही अजून अधिकच! खरा श्रावण यायचाच होता!

सुलभाने शेजारच्या राठौर भियांना हाक मारली. ते पहार घेऊन आले. मागून त्यांची मुलं, सुना आणि रस्त्यानं जाणारे दोन अनोळखी सज्जन. सगळे एकदम पुलावर चढले. मधली फळी तीन आठवडे दम कोंडून बसली होती. तिने दम सोडला. फाड्! पाठोपाठ दुसरी, तिसरी! राठौर भिया पहारीसकट काठावर पळाले. "भिया, ये तो खुद ही उखड़ रिया है!" त्यांच्या सूनबाई मोबाइलवर सगळं टिपत होत्या.

आता पूलही बंद. आत आम्ही दोघं आणि अनारसे.

एकतीस वर्षांत मी आणि आप्पा एका खोलीत सलग दहा मिनिटंही बसलो नव्हतो. दोन वाजले. घरात सुलभाचे पुरणाचे धोंडे गार होत होते. आप्पांनी ताटाकडे पाहिलं.

"वाण जावयाचे आहे. आम्ही हात लावू नये."

"मी दिलं तर?"

त्यांनी थोडा विचार केला आणि एक उचलला. मग मी एक. मग ते दोन. तेराव्या अनारशाला ते म्हणाले, "हा पूल, हा मंडप, हे सगळे तुम्ही आमच्यासाठी केलेत?"

"हो. सुलभाला वाटतं, तुम्ही इथे राहावं."

"आणि तुम्हांस?"

असलं बोलायची मला सवय नाही. तोंडात अनारसा होता, तो गिळला. "मलाही वाटतं. तुम्ही साडेचारला निघालात की ती रात्री धड जेवत नाही. तिच्याकडे बघून मीही नाही."

आप्पा पाण्याकडे बघत म्हणाले, "सुलभाची आई गेल्यापासून संध्याकाळ सरत नाही हो." मी पुढचा अनारसा न खाता त्यांच्या हातात ठेवला.

पाचच्या सुमारास राठौर भिया कमरेएवढ्या पाण्यातून करवत घेऊन आले आणि मागची जाळी चौकटीसकट कापली. आप्पांना खुर्चीत बसवून चौघांनी खांद्यावर घेतलं. लोक गणपती पाण्यात सोडतात, आमच्याकडे पाण्यातून काढत होते! माझ्यासाठी खुर्ची नव्हती. मी उतरलो आणि चिखलात एक चप्पल ठेवून बाहेर आलो.

काठावर आप्पांनी घड्याळ पाहिलं. बस गेली होती.

"जावईबापू," आप्पा म्हणाले, "मुक्कामाची रीत आमच्यात नाही. पण हे काम असे अर्धवट टाकून जाणेही बरे नव्हे. दुरुस्ती पुरी होईतो थांबतो. देखरेखीला कोणी जाणते माणूस हवे."

ते आजही थांबलेत. आमची बेडरूम त्यांनी घेतली, रोज संध्याकाळी ते काठावर खुर्ची टाकून बसतात आणि मी दार बसवतो. उन्हाळ्यात बसतं, पावसाळ्यात अडकतं. रंधा मारला की हिवाळ्यात आपोआप उघडतं. आप्पा मान हलवून म्हणतात, "अजून झाले नाही," आणि आत चहाला जातात. त्यांनी राहावं म्हणून मी काम मुद्दाम लांबवतोय, असं अख्खी कॉलनी म्हणते. राठौर भियांनी तर एकदा डोळे भरून माझा हात दाबला. सुलभालाही तसंच वाटतं. हल्ली ती माझ्याकडे अशा काही आदराने बघते की तसं लग्नाच्या वर्षीही बघितलं नव्हतं!

आता तिला कोणत्या तोंडाने सांगू, की मला ते दार खरंच बसवता येत नाही?