काळ्या मार्करचा वास

मार्करचे टोपण उघडले की त्याचा उग्र, गोडसर वास मला नेपियर टाउनमधल्या आमच्या बैठकीत नेतो. मैत्रिणीकडून आणलेल्या जपानी मांगा चित्रकथेत एक तलवारधारी स्त्री एकटीच राक्षसांशी झुंजत होती. जखमा न लपवणारी, म्हणून मला प्रिय. घरी आलेल्या मामांनी तिचे उघडे खांदे, मांड्या पानामागून पान मार्करने करकरत काळ्या केल्या. "पोरीची जात असून असलं काहून वाचून राहिली?" "मामा, राक्षस तर पूर्ण नागडा आहे!" "अच्छा? तो तर राक्षस आहे, त्याला काय!" संतापाने माझे कान तापले; मैत्रिणीला हे पुस्तक कोणत्या तोंडाने परत देणार होते मी? त्या काळ्या शाईतून तिची तलवार तेवढी उगारलेली उरली होती. आज वर्गात शिकवायला मार्कर उचलते, तेव्हा माझी मूठ त्या तलवारीवरच आवळली जाते.