खुडूक न बसणारी कोंबडी

कोंबड्यांतलं मला सगळं कळतं, असा माझा पक्का समज होता. सांगोल्याकडच्या खेड्यात वाढलो; आईच्या कोंबड्या सकाळी सोडायचं आणि दिवस मावळला की झाकायचं काम लहानपणी माझ्याकडंच होतं. त्यामुळं बायकोनं तिच्या भावाच्या मोहोळच्या पोल्ट्रीवरून चार पांढऱ्या कोंबड्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी आणल्या, तेव्हा त्यांचा मुकादम मीच झालो.

दीडेक वर्ष पिंजऱ्यात अंडी घालून झाली की अशा कोंबड्या कापायला जातात. गाडी भरत असताना बायको नेमकी तिथं होती. "एवढ्या चार मला दे," म्हणाली, आणि खोकं मांडीवर घेऊन एसटीत बसली. घरामागच्या मोकळ्या जागेत सोडल्या, तर चौघी एकमेकींना चिकटून उभ्या. पाऊल टाकायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. माती उकरायला शिकण्यात त्यांचा आठवडा गेला. मी पोटभर हसून घेतलं.

महिनाभर अंडी मिळाली. मग जानेवारीतल्या एका सकाळी त्यातली एक, जिच्या मानेवर पिसंच उरली नव्हती ती, कोपऱ्यात फुगून बसलेली दिसली. दाण्याकडं बघेना. शेपटी पडलेली, डोळे अर्धे मिटलेले.

"खुडूक झाली," मी निकाल देऊन टाकला.

कोंबडीच्या डोक्यात अंडी उबवायचं शिरलं की ती खुडूक होते. अंडी घालायची थांबते, जागा सोडत नाही. आमच्या आईचा त्यावर इलाज ठरलेला होता. पोटापर्यंत गार पाण्यात बुडवायची आणि डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, उपाशी कोंडायची. दोन दिवसांत उबवणं डोक्यातून उतरतं.

बायको म्हणाली, "अहो, खुडूक कोंबडी हात लावला की टोचते ना? ही तर गपगार आहे."

"पोल्ट्रीवाल्याच्या बहिणीनं मला कोंबड्या शिकवू नयेत," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात.

बादलीतल्या गार पाण्यात मी तिला तीनदा बुडवलं. ती ओरडली नाही, पंखही मारले नाहीत. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी डालगं झाकलं आणि चहा प्यायला गेलो.

अकराच्या सुमारास बायकोनं हाक मारली. तिनं डालगं उचललेलं होतं. कोंबडी ताठ उभी राहून बुडाकडं जोर लावत होती, थकून खाली बसत होती, परत उठत होती. चोच उघडी पडली होती. बायकोनं भावाला फोन लावला आणि मला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

मेव्हणा हसलाच. "दाजी, पिंजऱ्यातली कोंबडी कुटं खुडूक बसती वो? त्यो गुणच काढून टाकलाय की तिच्यातला. अंडं अडाकलं आसंल. आमच्यात आसली निगाली की आमी बाजूला काढतो."

"बाजूला म्हणजे?" बायकोनं विचारलं.

"म्हंजे बाजूला."

खुडूक बसण्याचे दिवस ही कोंबडीच्या अंगाला मिळणारी सुट्टी असते, हे मला साठी उलटल्यावर त्या फोननं कळलं. हिच्या नशिबात तीही नव्हती. आणि न घेतलेल्या सुट्टीची शिक्षा मी तिला दिली होती. मला भयंकर लाज वाटली.

जनावरांच्या डॉक्टरबाईंना मीच फोन केला आणि काही लपवलं नाही. "गार पाण्यात?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "काका, आधी तिला ऊब द्या. कोमट पाण्यात पोट बुडेल अशी धरून ठेवा. बुडाला खोबरेल तेल लावा. पोट अजिबात दाबू नका. अंडं आत फुटलं तर तिचं काही खरं नाही. तासाभरात आलं नाही तर तशीच घेऊन या."

बायकोनं घमेल्यात पाणी ओतलं आणि बाळाच्या अंघोळीचं बघावं तसं कोपर बुडवून बघितलं. मी कोंबडी धरली. हाताला तिच्या पोटाचा गोळा लागत होता आणि तिचं काळीज माझ्या बोटांखाली भराभर धडधडत होतं. दहा मिनिटं गेली. वीस गेली. पाणी निवलं की बायको गरम घालायची. मधेच कोंबडीची मान एका बाजूला कलली. बायको म्हणाली, "गेली का हो?" मी नुसता तिच्या पापणीकडं बघत राहिलो. पापणी हलली.

रिक्षा बोलवायला बायको उठली, तेवढ्यात कोंबडीनं सगळं अंग आवळलं आणि माझ्या हातात काहीतरी गरम, मऊ घरंगळलं. अंडंच होतं, पण कवच नसलेलं. नुसती कातडी, तिच्यावर रक्ताची रेघ. मी मोठ्यानं हसलो आणि तसाच डॉक्टरबाईंना फोन लावला.

"छान," त्या म्हणाल्या. "रोज घालते का?"

"जवळजवळ रोज."

"मग उद्या-परवा पुन्हा तयारी ठेवा. अंगातलं कॅल्शियम संपलंय. औषध देते, पण लगेच गुण येणार नाही."

"अंडी बंद नाही का करता येणार?"

"तिचं अंग थांबत नाही, काका. तिला तसंच घडवलंय."

कोंबडी बायकोच्या मांडीवर पंच्यात गुंडाळून पडली होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. जन्मभर कोंबड्यांकडं अंडंच मागितलं होतं.

"उद्या नको घालूस," मी तिला म्हणालो. "परवाही नको."

ती एका डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिली, आणि तिच्या पोटात पुढचं अंडं धरायला लागलं होतं.