लाँड्रीतला उंट

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत त्याला सगळे उंट म्हणत, आणि गड्याला त्याचा कोण अभिमान! वाफेच्या इस्त्रीपाशी उभा राहायचा, पण काम सुटेपर्यंत पाण्याला शिवायचा नाही. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि गेलं की चादरींचा ढीग साचतो. दुसरं कुणी नळाकडे वळलं की मालक याच्याकडे बोट दाखवायचे, म्हणायचे, याला म्हणतात कामाचा माणूस. एवढं ऐकलं की याची मान ताठ. त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला मालकांना शिडीसुद्धा लागत नसे.

एका दुपारी पोटात डावीकडे पिळवटून कळ आली आणि संडासात रक्त पडलं. निदान यानं स्वतःच केलं, मूळव्याध. बायकोनं दवाखान्यात चला म्हणून हातापाया पडून पाहिलं, पण तसली जागा कुणाला दाखवायची याला लाज. त्यानं दुकानातून मलम आणलं, जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या, आणि संडासला जायलाच नको म्हणून घरीही पाणी तोडलं. अक्कल गहाण टाकलेला माणूस, दुसरं काय!

शेवटी इस्त्रीपाशीच कोसळला. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, स्कॅन केला, मग जपून दुर्बीण आत घातली. मूळव्याध नव्हतीच. मोठ्या आतड्याचा डावा भाग काळानिळा पडला होता. पाणी किती पिता, असं त्यांनी विचारलं, तर हा त्या अवस्थेतही फुशारकीनं सांगू लागला.

"तुमच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्यात," त्या म्हणाल्या. "त्यात अंगातलं पाणी आटलं, आतड्याला रक्त पुरलं नाही. पहिल्यांदा रक्त पडलं तेव्हाच आला असतात, तर बहुधा सलाईनवर भागलं असतं. आता तेवढा भाग कापावा लागेल."

कापला. संडाससाठी पोटाला पिशवी आली. तो तसा पडून असताना मालक भेटायला आले, स्टूल ओढून ऐसपैस बसले.

"तुझ्या जागेवर तुझ्या बायकोलाच घेतलंय," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून पाण्याला हात लावत नाही. म्हणते, ह्यांची जागा टिकली पाहिजे."

तो घाबरला. इतका तो ऑपरेशनच्या टेबलावरही घाबरला नव्हता. जीभ टाळूला चिकटली होती, तरी कसंबसं बोलला.

"मालक, तिला पाणी प्यायला सोडत जा."

"तिनं मागावं की," मालक उठता उठता म्हणाले. "तू कधी मागितलं होतंस?"